पेस्टचे दिवस

ऑक्टोबर मला आवडायचा असं मी म्हटलं, तर आमच्या वस्तीवरच्या बायका मला वेड्यात काढतील. दिंडोरीच्या आसपास द्राक्षबागेवाल्याच्या घरात ऑक्टोबर म्हणजे छाटणी, आणि छाटणी म्हणजे बाईच्या पायाला भिंगरी. सकाळी मजुरांच्या टोळीचा चहा, मग भाकऱ्या, मग कोण कुठली ओळ अर्धी सोडून पुढे गेलं त्याच्यावर नजर, आणि सारखं आभाळाकडे बघणं. या दिवसांत एक सर आली तरी घरातल्या सगळ्यांची तोंडं उतरतात. अशा महिन्यात आवडण्यासारखं काय आहे? पण मला आवडायचा. वर्षभर मी त्याची वाट बघायची. आज सकाळी पेठकडची टोळी पिकअपमधून उतरली, ओळीओळीतून कात्र्या वाजायला लागल्या, कापलेल्या काड्यांचा ओला वास ओट्यापर्यंत आला आणि मी दार लोटून घेतलं.

ज्यांनी द्राक्षं फक्त खाल्ली आहेत त्यांना थोडं सांगायला हवं. काडी छाटली की तिच्यावरचे डोळे, म्हणजे कोंब, आपले आपण एकदम फुटत नाहीत. एक आज फुटेल, दुसरा पंधरा दिवसांनी. बाग अशी मागेपुढे झाली तर माल कधी काढायचा? म्हणून छाटणीनंतर एक-दोन दिवसांत शेंड्याकडच्या डोळ्यांना एक औषध लावतात. त्याला सगळे पेस्टच म्हणतात. पातळ असतं, वास उग्र. कुठला डोळा राहिला ते दिसावं म्हणून त्यात लाल रंग कालवतात. हातमोजे घालायचे, स्पंज बुडवायचा आणि काडी न काडी पुसत जायचं. संध्याकाळी बाग बघावी तर सगळ्या काड्यांची टोकं लाल.

या पेस्टचं आणि दारूचं हाडवैर आहे. ती लावणाऱ्याच्या अंगात भिनते म्हणतात, आणि वर माणूस प्यायला की संपलंच. तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, श्वास कोंडतो, उलट्या होतात. डब्यावर तसं लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे ते वाचायची गरज कुणाला पडत नाही. प्रत्येकाने कुणाला तरी तसं लोळताना पाहिलेलं आहे. त्यामुळे पेस्टच्या दिवसांत आणि नंतर आठवडाभर गावातले पिणारे झाडून सगळे शहाणे होतात. "पेस्ट चालू हाय," एवढं म्हटलं की कुणी आग्रह करत नाही. कुणी हसतही नाही.

आमचे मालक पेस्ट स्वतः लावायचे. मालक म्हणजे माझे यजमान, रामनाथ. मजुरांवर पेस्ट सोडायला ते कधीच तयार नसत. "डोळा चुकला की घड चुकला," म्हणायचे. तीन एकर बाग, मागेपुढे छाटलेली, त्यामुळे दहा-बारा दिवस ते पेस्टमध्ये आणि पुढे आठवडाभर तिच्या धाकात. वर्षातले ते अठरा-वीस दिवस माझे होते. बाकीचे कुणाचे होते ते काय सांगू!

त्या दिवसांत काय व्हायचं, तर काही म्हणजे काही व्हायचं नाही. हेच तर सुख होतं. दुपारी ते बांधावर माझ्याशेजारी जेवायला बसायचे आणि "आमटीत मीठ कमी पडलं गं," म्हणायचे. मला इतका आनंद व्हायचा! ज्याच्या जिभेला मीठ कळतं असा नवरा घरात असणं म्हणजे काय, हे ज्या बायकांना रोज मिळतं त्यांना नाही समजायचं. बांधावरच्या सीताफळीचं एखादं पिकलेलं फळ ते दोन्ही अंगठ्यांनी उकलायचे आणि मोठा भाग माझ्याकडे सरकवायचे. मुलगी नाशिकला शिकायला होती. ती तेवढ्या दिवसांत बरोबर रोज फोन करायची. आधी मला नाही, बापाला. एरवी तिला फोनवर आवाजावरूनच कळायचं आणि ती "आईला द्या," म्हणायची. त्यांच्या शर्टाला नुसता साबणाचा वास यायचा. मी वाळत घातलेला शर्ट उगीच नाकाला लावून बघायची. म्हातारपणाकडे झुकलेली बाई, लाज वाटायला हवी होती.

मी ज्या हंगामाबद्दल लिहायला बसले आहे, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. नाशिकच्या डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं आणि मला आत बोलावून स्पष्ट सांगितलं, "बाई, यकृत खराब होत चाललंय. आता थेंब नको. थेंब म्हणजे थेंब. नाहीतर दोन-तीन वर्षं, फार झाली तर." मी बाहेर आले तर मालक बाकावर बसून समोरच्या बाईला द्राक्षाला शेणखत किती टाकायचं ते समजावून सांगत होते. मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं.

तोवर आम्ही करायचं ते सगळं करून बसलो होतो. वणीच्या गडावर देवीपुढे शपथ झाली होती. मालकांनी शपथ घेतली ती गावाच्या शिवेत दारूला शिवणार नाही अशी. शपथ अगदी तंतोतंत पाळली. शिवेबाहेर, रस्त्यावरच्या ओढ्याच्या मोरीपलीकडे, त्यांनी एक दगड ठरवून घेतला आणि तिथे बसून प्यायला लागले. देवीला फसवणारा माणूस मला काय ऐकणार? कुणीतरी सांगितलं म्हणून मी भाजीत कसलीशी पूडही कालवून पाहिली. चार दिवस त्यांचं पोट बिघडलं, पिणं होतं तसंच राहिलं.

दारू सोडणाऱ्यांच्या गटाचा पत्ता मला भाजीबाजारात लागला. पंचवटीत दोडके द्यायला गेले होते. बाजारामागच्या बोळात एक जुनी शाळा आहे, तिच्या फाटकाला एक पुठ्ठा बांधलेला होता. हाताने लिहिलेला. 'दारू सोडायची आहे? रविवारी पाच वाजता. आम्हीही पीत होतो.' खाली ना नाव, ना फोन. ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. आजवर त्यांना शहाणपण शिकवणारे सगळे न पिणारेच होते, मी धरून.

गणपती गेले, छाटणी लागली, पेस्ट सुरू झाली. मालक शुद्धीवर आले. अशा वेळी मी जरा धीट होते. म्हटलं, "अहो, रविवारी पंचवटीत जायचंय." म्हणाले, "कशाला?" मी पुठ्ठ्याचं सांगितलं. मला वाटलं, भडकतील. पण ते लाल झालेला स्पंज पिळत राहिले आणि म्हणाले, "गाडीत पेट्रोल टाकावं लागंल."

आत गेलो तर तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे, फळ्यावर कुणीतरी अर्धं पुसलेलं फूल. पंधरा-वीस माणसं त्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेली. एक बँकेतला, एक रिक्षावाला, एक चांगला इस्त्रीच्या कपड्यातला वकील. घरच्या माणसांना मागच्या बाकांवर बसायला सांगितलं. मला मनातून हसू फुटत होतं, पितो हा आणि शाळेत मी! पण एकेक जण उठून बोलायला लागला आणि माझं हसू आपोआप थांबलं. रिक्षावाल्याने सांगितलं, की मुलाच्या वाढदिवसाचा केक तो गुत्त्यावर विसरून आला होता आणि मुलगा अजूनही वाढदिवशी केक नको म्हणतो. कुणी च्‌ च्‌ केलं नाही. कुणी उपदेश केला नाही. मालक खाली बघत होते आणि त्यांची पाठ हलत होती.

गट चालवायचे देवरे काका. सटाण्याकडचे, 'आहे'ला 'शे' म्हणणारे, एस.टी.चे निवृत्त ड्रायव्हर. जाड चष्मा, हसले की हिरड्या दिसायच्या. सोळा वर्षं त्यांनी दारूला हात लावलेला नव्हता. त्यांनी मालकांना विचारलं, "भाऊ, शेवटची कधी घेतली?"

"नऊ दिवस झाले."

"नऊ!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी मान वर करून आधी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर असं काही मी लग्नात पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

पेस्टचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही.

त्या टाळ्यांनी माझं डोकं फिरलं, हे कबूल करते. पुढच्या रविवारी सोळा दिवस. पुन्हा टाळ्या. वकील उठून आला आणि त्याने मालकांचा हात हातात घेतला. "कसं जमलं हो तुम्हाला इतक्या लवकर? मला पहिले दोन आठवडे जमिनीवर पाय ठरत नव्हता." मालक म्हणाले, "मनाशी ठरवलं." शहरातली माणसं ती, द्राक्षं त्यांनी हातगाडीवर पाहिलेली. त्यांना काय ठाऊक, ऑक्टोबरात आमच्या तालुक्यात सगळेच मनाशी ठरवतात.

त्या दिवशी चहाच्या वेळी देवरे काका कप घेऊन माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "वहिनी, डॉक्टरची काही गोळी चालू शे का? पिणाऱ्याला त्रास होतो, तसली?"

"नाही हो. गोळीबिळी काही नाही."

खोटं होतं का हे? गोळी तर नव्हतीच. पण त्यांनी विचारलं काय आणि मी उत्तर दिलं काय, हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्यांनी बिस्किट चहात बुडवून खाल्लं आणि "बरं शे," म्हणून दुसरीकडे गेले. सांगून टाकलं असतं तर काय झालं असतं? टाळ्या थांबल्या असत्या. मला टाळ्या थांबायला नको होत्या. माझ्या नवऱ्याचं कौतुक मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि तेही मागच्या बाकावर बसून.

आमची बाग आटोपली, धाकाचे दिवसही संपत आले तशी माझी झोप उडाली. मग मला एक युक्ती सुचली. तेव्हा मी तिला युक्तीच म्हणत होते. माझा भाऊ गोरख वणीजवळ असतो, त्याची छाटणी उशिरा. मी त्याला फोन केला, "माणसं कमी असतील तर दाजींना पाठवते पेस्टला."

तो हसायला लागला. "दाजी? माझ्याकडं पेस्ट लावायला? ताई, दाजी एवढे बागायतदार, लोक काय म्हणतील मला?"

"लोकांचं मी बघते. तू बोलाव. तुझ्या माणसांना डोळे नीट पुसता येत नाहीत म्हण."

"ताई, खरं सांग, काय झालंय?"

"काही नाही झालंय. म्हणूनच सांगते."

मालक गेले. आठ दिवस राहिले. तिथून गोरखच्या शेजाऱ्याकडे, तिथून त्याच्या साडूकडे. महिना झाला. रविवारी गटात त्यांना पितळेचा एक बिल्ला मिळाला, तो ते शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि अधूनमधून वरून चाचपायचे. पस्तीस दिवस. चाळीस. वजन वाढलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेला. दिवाळीला मुलगी आली आणि बाप-लेक दोघं ओट्यावर बसून आकाशकंदिलाला कागद चिकटवत होती, खळीचा डबा मध्ये ठेवून. मी स्वयंपाकघरातून बघत होते आणि शेवेचा एक अख्खा घाणा करपवला.

त्यानंतर शेवटच्या बागेवरून आम्ही मोटारसायकलवर परत येत होतो. मी गोरखकडे गेले होते, येताना त्यांच्या मागे बसले. ऊन उतरलं होतं. दोन्ही बाजूंच्या बागा फुटलेल्या. लवकर छाटलेल्यांना तर हातभर फुटवे, कोवळे, तांबूस पोपटी.  मालक गाडी हळू करून, मान न वळवता म्हणाले, "आता कुणाची राहिली गं?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "काय?"

"बाग. छाटायची कुणाची राहिली?"

तेव्हा कळलं, की त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. मी त्यांना फसवत नव्हते. दोघं मिळून आम्ही दारूपुढे एकेक बाग उभी करत होतो. ते दुसऱ्याच्या बागेत मजुरासारखे राबले ते भावाचं काम म्हणून नाही, त्यांनाही ते दिवस संपायला नको होते. आणि आता त्यांनी मला विचारलं होतं, साध्या आवाजात, एखाद्याने घरात तांदूळ किती राहिलेत असं विचारावं तसं. मी डोळ्यांपुढे सगळा तालुका आणला. कुणाचीच राहिली नव्हती. मी त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं.

पुढे एके दुपारी जेवताना त्यांनी विचारलं, "शेवटच्या पेस्टला किती दिवस झाले?"

मी बोटं मोजून सांगितलं, "आठ."

मी सांगितलं! आजही त्या शब्दाशी येऊन मी अडते. पाच म्हणाले असते तर? काय झालं असतं, तीन दिवस. पण तीन दिवस तरी झाले असते. ते "हं," म्हणाले, ताटात पाणी सोडलं, टोपी घातली आणि मोरीच्या बाजूला चालायला लागले. शपथ पाळायची सवय गेली नव्हती.

त्यानंतर देवरे काकांचे फोन यायचे. मालक हाताने खूण करायचे, नाही म्हणून सांग. काका म्हणायचे, "पडला असेल तर पडू द्या. येऊ द्या म्हणा. आम्ही सगळे पडूनच आलोय." मी तसंच्या तसं मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना वाटतं मी ठरवून सोडली व्हती. कोणत्या तोंडानं जाऊ?" खोटेपणाने मिळालेल्या त्या टाळ्याच आडव्या आल्या. एका खोलीत वीस माणसं त्यांना समजून घ्यायला तयार होती, आणि तेवढ्याच खोलीत जायची त्यांना लाज वाटत होती. यात निम्मी चूक माझी आहे, निम्मी म्हणते तेही कमीच.

मागच्या छाटणीला त्यांनी जेमतेम चार दिवस पेस्ट लावली. पोट पाण्याने फुगायला लागलं होतं, ओळीत उभं राहवत नव्हतं. पण चार दिवस का होईना, होते. चारही दिवस त्यांनी आमटीतलं मीठ सांगितलं. या वर्षी टोळी ठरवायच्या आदल्या दिवशी ते खाटेवरून म्हणाले, "या साली पेस्ट मी नाय लावणार. टोळीला दे."

मी म्हटलं, "एक ओळ तरी लावा. एकच. नुसता स्पंज हातात घ्या."

"नाय."

"माझ्यासाठी?"

ते भिंतीकडे वळले. डॉक्टरांनी दिलेली दोन-तीन वर्षं कुठवर आली ते दोघांनाही ठाऊक आहे. त्यात आता एकही दिवस त्यांना कोरडा सोडायचा नाही.

गेल्या रविवारी मी एकटीच पंचवटीत गेले. तीच शाळा, तोच वर्ग. घरच्यांपैकी कुणाला बोलायचं आहे का, असं विचारल्यावर मी उठले आणि पेस्टचं सगळं सांगितलं. त्या टाळ्यांपासून आठ दिवसांपर्यंत.  बाहेर आल्यावर देवरे काका म्हणाले, "वहिनी, आजारी माणसाला तुम्ही विषात उभं केलं होतं. एक घोट पोटात गेला असता तर?"

"ठाऊक आहे."

"मला तेव्हाच वाटलं होतं, काहीतरी शे. मीही पुढे विचारलं नाही. मलाही टाळ्या आवडल्या असतील." चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. मी विचारलं, "काका, तुमची सुटली ती कशामुळे? नेमकं सांगा. मी घरी जाऊन तेवढंच करते." त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला, मला दिसत होतं. मग म्हणाले, "खरं सांगू का, मला नाही माहीत. आम्ही सहा जण एकदम आलो होतो. सगळं सारखंच केलं आम्ही. पाच गेले." मी मान हलवली. बस पकडून घरी आले.

आज टोळीतल्या दोन बाया आल्या नाहीत म्हणून दुपारपासून मीच पेस्टला उभी राहिले. हातमोजा फाटका निघाला. संध्याकाळी घरात आले तेव्हा बोटं लाल झालेली, पदरावर थेंब, केसांतही वास. मालक खाटेवर होते. त्यांचीही संध्याकाळ मोरीपलीकडे होऊन गेली होती, ते मला दारातूनच वासावरून कळलं. त्यांनी माझे हात पाहिले. आणि घाबरून भिंतीला टेकून सरकले, जणू मी मारायला आलेय. "जेवायला दे," म्हणाले, "पण..."

"हो," मी म्हटलं.

मी न्हाणीत गेले. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, मग राखेने घासले, मग पुन्हा साबणाने. नखांतला रंग काडीने काढला. डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले, हात नाकाशी धरून वास जातोय का ते बघितलं आणि आणखी एकदा धुतले. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांचं ताट वाढलं.